हायड्रूनसाठी चांगली जागा

हायड्रून आल्स्वेडेने आपल्या दफनाबद्दल एका कागदावर पाच कलमं लिहून ठेवली होती आणि तो कागद दफनाची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत दोन वर्षं आधीच नेऊन दिला होता. पहिल्या चारांत विशेष काही नव्हतं. पेटी साधी, फुलं त्या ऋतूतली, भाषण नको, गाणं एकच. पाचवं कलम असं होतं: 'नंतरच्या जेवणाला माझ्या नावाने कुणाच्याही ताटात प्राणी नको, त्याचं दूध, लोणी, अंडं, काही नको. जागा माझा भाऊ फोल्कमार शोधेल. चांगली शोधावी, नुसती चालण्यासारखी नको.' 'चांगली' या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

फोल्कमारने कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "जमेल ना तुम्हाला? आता हानोफरमध्ये अशा जागा खूप झाल्यात म्हणे."

"दफन कधी?"

"पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता. रिकलिंगनच्या दफनभूमीत."

"म्हणजे मधले सात दिवस," तो म्हणाला. "पुरेत."

हायड्रून त्याची धाकटी आणि एकुलती बहीण. त्रेसष्ट वर्षांची होती, लिंडेन भागातल्या पोहण्याच्या तलावावर आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवत आली होती, आणि जानेवारीत तीन आठवड्यांच्या आजारात गेली. फोल्कमार तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. तो वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होता. बाजारातल्या भाजीवाल्याचा काटा, पेट्रोल पंपाचा आकडा, बिअरच्या ग्लासावरची रेघ, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. त्याला कोपऱ्यावर पाहिलं की दुकानदार उगाचच काटा पुसायला लागत. बहीण गेल्याचं त्याला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण दुःखाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि तपासणीचं काय करायचं ते त्याला झोपेतही येत होतं. त्याने घरी जाऊन एक तक्ता आखला. जागेचं नाव, खुर्च्या किती, खुर्च्यांची उंची, सूप, गोड पदार्थ, शुक्रवारी उघडं की बंद, शेरा.

हायड्रूनला शहरातली अशी प्रत्येक जागा ठाऊक असणार. मग तिने सरळ एक नाव का लिहून ठेवलं नाही, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. ज्याला आयुष्यभर तपासणीवर पाठवलं गेलंय तो पाठवणाऱ्याला कारण विचारत नाही.

सुरुवात त्याने जवळून केली. दफनभूमीसमोर जी जुनी खानावळ आहे तिथे आल्स्वेडे घराण्यातल्या तीन मयतींचं जेवण झालेलं. मालक त्याला ओळखत होता.

"व्हेगन? आहे की!" मालक म्हणाला. "बटाट्याचं सूप."

"त्यात काय काय असतं?"

"बटाटा, गाजर, कांद्याची पात, थोडं बेकन."

"बेकन म्हणजे मांस झालं."

"छे हो, मांस कुठलं! बारीक तुकडे असतात नुसते. चवीपुरते."

फोल्कमारला हसू आलं. छत्तीस वर्षांत त्याने हेच ऐकलं होतं: काटा खोटा नाही हो साहेब, थोडासा पुढे आहे इतकंच. त्याने शेऱ्याच्या रकान्यात 'मालकास जाणीव नाही' असं लिहिलं आणि नावावर काट मारली.

मग तो ट्रामने लिंडेनला गेला. लिमर रस्त्यावर दर चार दुकानांआड एक व्हेगन पाटी होती. या रस्त्यावर तो पूर्वी फक्त काटे तपासायला यायचा. तेव्हा इथे खाटिक होते, आणि त्यांतले दोघे बरे होते.

पहिल्या ठिकाणी बर्गर मिळायचे. दोन्ही हातांनी धरायचे, बोटांतून लालभडक रस मनगटापर्यंत ओघळायचा. बीटचा होता. चव इतकी मांसासारखी होती की फोल्कमारला आपण फसवले गेलोय असं वाटलं आणि त्याने काउंटरवरच्या दाढीवाल्याला दोनदा विचारलं.

"काका, शपथेवर सांगतो, वाटाणा आहे," दाढीवाला म्हणाला.

"मग वाटाण्यासारखा का लागत नाही?"

"लोक त्याचेच पैसे देतात."

शेरा: 'चव उत्तम. काळ्या कपड्यांत खाता येणार नाही.'

दुसऱ्या ठिकाणी खुर्च्याच नव्हत्या, फळांची खोकी उलटी घालून वर उशा ठेवल्या होत्या. फोल्कमारने खिशातली घडीची मोजपट्टी काढून उंची घेतली. एकतीस सेंटिमीटर. त्याची आल्विने आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ती इथे बसेल, पण मग तिला उठवायला अग्निशमन दल लागेल, असा हिशेब करून तो कॉफी अर्धी टाकून निघाला.

तिसरी जागा खरं तर सर्वांत बरी होती. गाजराचा केक असा की त्याने एक तुकडा खाल्ला आणि तपासणी पक्की व्हावी म्हणून दुसरा मागवला. पण शुक्रवार हा त्यांचा सुट्टीचा वार. मालकीणबाई म्हणाल्या, "दुःखद प्रसंग आहे हे कळतं मला, पण शुक्रवारी दार बंद म्हणजे बंद." फोल्कमारला याचा राग आला नाही. नियम वाकवणाऱ्या माणसापेक्षा त्याला ही बाई पसंत पडली. त्याने नुसतं 'अरेरे' असा शेरा लिहिला. त्या तक्त्यात अरेरे या शब्दाला जागा नव्हती, तरी लिहिला.

एका ठिकाणी वाढणाऱ्या मुलीने सूप आणण्याआधी गायींच्या डोळ्यांबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि सूप गार करून आणलं. एका व्हिएतनामी कुटुंबाच्या खानावळीत टोफू असा होता की फोल्कमार तिथे दुपारी जेवला आणि संध्याकाळी परत गेला. पण खुर्च्या चौदा आणि येणारी माणसं तीस. परत का गेला याचं कारण तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

असे पाच दिवस गेले, दहा जागा झाल्या. आपण पाच दिवसांत सॉसेजला हात लावलेला नाही हे मंगळवारी रात्री फोल्कमारच्या लक्षात आलं, आणि ते मुद्दाम केलं नव्हतं याचं त्याला जास्त नवल वाटलं. बुधवारी सकाळी त्या गाजराच्या केकबद्दल हायड्रूनला सांगावं म्हणून त्याने फोन उचलला आणि तिचा नंबर फिरवायला लागला. अर्धा नंबर फिरवून झाल्यावर त्याने फोन खाली ठेवला. मग तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून थोडा वेळ रडला. रडणं झाल्यावर तोंड धुऊन अकराव्या जागेकडे निघाला.

अकरावी जागा ईमे नदीच्या काठावर होती, पुलाखाली, जुन्या होड्यांच्या कोठारात. लाकडी टेबलं, खऱ्या पाठीच्या खुर्च्या, खुर्च्यांची उंची शेहेचाळीस. आत कांदा परतल्याचा वास येत होता आणि भिंतीवर एकही सुविचार लावलेला नव्हता. मालकीण स्वांट्ये, पन्नाशीची, मजबूत हातांची बाई. आधी वीस वर्षं रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक करायची. फोल्कमारने तक्ता टेबलावर ठेवला तसा तिने तो समोरूनच, उलटा, वाचला.

"समोरच्याचं कमी कुठे ते शोधण्याचा धंदा होता वाटतं तुमचा?"

"वजनमापे."

"तेच म्हणाले मी."

त्याने काम सांगितलं. शुक्रवारी साडेबारा, तीस माणसं, दफनानंतरचं जेवण, कलम पाच. ती ऐकताना हात पुसत होती. म्हणाली, "दुपारी मी उघडत नाही, पण उघडेन. गरम काय हवं?"

"तुम्ही सांगा."

"तुम्ही चव बघा आधी." तिने त्याच्यापुढे मसुराचं सूप ठेवलं, काळा पाव ठेवला, वर बडीशेप घातलेली बटाट्याची कापं ठेवली. फोल्कमारने सूप संपवलं, वाडगं पावाने पुसलं, आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी 'चांगली' असं लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली. दुसरी ओढायची की नाही हे केकवर ठरणार होतं.

"आणि लोण्याचा केक?" त्याने विचारलं.

हानोफरच्या आसपास मयत असो की लग्न, परातभर लोण्याचा केक लागतोच. त्याच्याशिवाय माणूस पुरला गेला असं कुणाला वाटत नाही.

"करते ना. तेच पीठ, तोच खमीर, वर साखर आणि बदामाचे काप. लोण्याच्या जागी बदामाचं आणि तेलाचं काहीतरी करते मी. फक्त त्याला लोण्याचा म्हणू नका, नुसता केक म्हणा. लोणी म्हटलं की म्हातारी माणसं लोणी शोधत बसतात."

फोल्कमारचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस तो परीक्षक म्हणून हिंडत होता. आता आपणही यातले थोडे जाणकार आहोत हे सांगावंसं त्याला वाटलं. खुर्चीत सैल बसून तो म्हणाला, "मलाही येतं थोडंफार. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे केलची भाजी असते, ती कुरळी हिरवी पानं सॉसेज घालून शिजवलेली. आमची आई असल्यापासूनची रीत. बहिणीने हे सगळं सोडलं तेव्हापासून मी तिच्यासाठी वेगळी करायचो, सॉसेजशिवाय. एकोणीस वर्षं."

"वा!" स्वांट्ये मनापासून म्हणाली. "केलला सॉसेजशिवाय चव आणणं सोपं नाही. तेल कुठलं घालता?"

"तेल नाही. चरबी. डुकराची, एकच चमचा. त्याशिवाय पानं चमकत नाहीत."

स्वांट्येचा हात पुसता पुसता थांबला.

"मग ती व्हेगन नव्हती, आल्स्वेडेसाहेब."

"मांस नव्हतं तिच्यात. सॉसेज मी वेगळ्या पातेल्यात शिजवायचो, पळीसुद्धा वेगळी घ्यायचो."

"चरबी डुकराचीच ना?"

"एक चमचा! सहा जणांच्या पातेल्यात एक चमचा."

"एखाद्या दुकानाचा काटा किलोमागे पाच ग्रॅम पुढे असला, तर तुम्ही काय करायचात?"

"काटा बंद करायचो. सील ठोकायचो," फोल्कमार म्हणाला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दफनभूमीसमोरच्या त्या मालकाला 'जाणीव नाही' असा शेरा मारून या माणसाला सहा दिवसही झाले नव्हते. स्वांट्येने त्याला आणखी काही ऐकवलं नाही. तिने त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला आणि आत जाऊन भांडी आवाज करत घासायला लागली.

"पण तिने खाल्ली की!" फोल्कमार आतल्या दिशेने म्हणाला. "एकोणीस वर्षं खाल्ली. दरवर्षी दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी फोन करून सांगायची, छान झाली होती."

"तुमच्यासमोर बसून खायची?" आतून आवाज आला.

फोल्कमार आठवू लागला. हायड्रून यायची दुपारी दोनला. सोबत स्टीलचा डबा आणायची. रविवारी पाच वाजता शिकवणी असते, भरल्या पोटी पाण्यात उतरवत नाही, घरी जाऊन निवांत खाईन, असं म्हणायची. तो तिच्यासमोर बसून आपली केल सॉसेजसकट खायचा, ती काळा चहा पीत गप्पा मारायची, आणि साडेतीनला डबा भरून घेऊन जायची. काटकसरी आहे, असं त्याला वाटायचं. आपल्या बहिणीचं त्याला कौतुकच वाटायचं.

केकचा तुकडा त्याने तसाच ठेवला. स्वांट्येला तीस माणसांचं नक्की सांगितलं, आगाऊ रक्कम दिली, पावती घेतली आणि तिथून सरळ हायड्रूनच्या घराकडे चालत गेला. दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. तिच्या दाराची किल्ली शेजारी बोसेलमान नावाच्या गृहस्थांकडे असायची. ते तिथे तीस वर्षं राहत होते, ट्राम चालवून निवृत्त झालेले. फोल्कमार त्यांना फक्त जिन्यात भेटलेला.

दार उघडून बोसेलमाननी त्याला न्याहाळलं. "तुम्ही भाऊ ना? केलवाले भाऊ!"

"तुम्हाला केलबद्दल काय ठाऊक?"

बोसेलमाननी जीभ चावली. पण आता उशीर झाला होता, आणि माणूस खोटं बोलण्याच्या कामाचा नव्हता. "आत या," ते म्हणाले. "बसा. मी तिला शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही. पण ती गेली. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा असतो की नसतो, मला कळत नाही."

"मी विचारतोय. तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा. ती केल तुम्ही खायचात?"

"हो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. रविवारी चार वाजता डबा घेऊन ती माझ्या दारात. फार छान करता तुम्ही. म्हणजे मागच्या वर्षी मीठ जरा पुढे होतं, पण ते मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, हे मी त्याला नाही सांगणार."

"चार वाजता," फोल्कमार म्हणाला. "आणि पाचची शिकवणी?"

"रविवारी तलाव दुपारीच बंद होतो हो."

फोल्कमार खाली बसला. कोट अंगातच होता.

"तिने कधी मला का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं एकदा. चमकती पानं बघूनच तिला चरबी कळायची. म्हणाली, तो सकाळपासून खपून पानं निवडतो, माझ्यासाठी पळी वेगळी ठेवतो. त्याला सांगितलं तर पुढच्या वर्षी तो करणारच नाही, आणि मग आमचा रविवारही जाईल. टाकवत नाही म्हणाली, आणि खाववतही नाही. बोसेलमान, तुम्ही खा, आणि कशी झाली ते नीट सांगा, मला उद्या सकाळी फोन करायचा असतो." बोसेलमान फोल्कमारसमोर बसले. "मी सांगायचो तेच ती तुम्हाला सांगायची. पाचव्या वर्षीची सगळ्यात चांगली होती, हे माझं मत."

फोल्कमारला आठवलं. त्या वर्षीच्या सोमवारी तिने फोनवर अगदी हेच म्हटलं होतं आणि त्याने दिवसभर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं.

"मग मलाच जागा शोधायला का सांगितलं तिने?" त्याने विचारलं. सहा दिवस उशिरा का होईना, प्रश्न आला. "तिला सगळ्या माहीत होत्या. नाव लिहायचं."

"तेही विचारलं होतं मी, तो कागद लिहिताना इथेच बसली होती. म्हणाली, नाव लिहिलं तर तो फोनवर टेबल राखून ठेवेल आणि मोकळा होईल. एकदाही चव बघणार नाही."

फोल्कमार किल्ली न घेताच निघाला. ती घ्यायला आपण आलो होतो हे त्याला जिना उतरल्यावर आठवलं, पण तो परत वर गेला नाही.

शुक्रवारी थंडी कडक होती. दफनभूमीत अपेक्षेपेक्षा जास्त माणसं जमली. जिच्यासाठी जेमतेम तीस जण येतील असं फोल्कमार धरून चालला होता तिच्यासाठी बेचाळीस जण आले होते. बहुतेक तिने पोहायला शिकवलेले, आता टक्कल पडलेले, पोरं असलेले. प्रत्येकाने मूठभर माती टाकली. स्वांट्येला फोन करून बारा माणसं वाढल्याचं त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मयतीला नेहमी वाढतात. सूप पातळ करणार नाही, काळजी नको."

सगळे नदीकाठी पोहोचले तेव्हा कोठाराच्या दारापुढे एक गाडी येऊन थांबली. आल्विने आत्या उतरली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पाठ ताठ, काळी टोपी. तिच्या नातवाने मागचं दार उघडून दोन मोठ्या पराती काढल्या, वर पांढरी फडकी. वास रस्त्यापर्यंत आला. लोणी, साखर, बदाम. फोल्कमारच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्याला थांबवता आलं नाही.

"आत ने रे," आत्या नातवाला म्हणाली. "पहाटे चारला उठून केलेत. गावातल्या शेजारणींनी बदाम सोलून दिले."

फोल्कमार दारात उभा राहिला. "आत्या, आत नाही नेता येणार."

"का? दार लहान आहे?"

"लोणी आहे त्यात."

"लोण्याच्या केकमध्ये लोणीच असतं, फोल्कमार! काय चुना घालायचा होता?"

मागे माणसं थांबली होती. कुणीतरी खोकलं. फोल्कमार या बाईपुढे लहानपणापासून एक शब्द बोललेला नव्हता. त्याच्या आईच्या, बापाच्या, काकाच्या मयतीला हिच्याच पराती होत्या, आणि तो त्या गाडीतून उतरवून आत नेणाऱ्यांपैकी होता.

"हायड्रूनने लिहून ठेवलंय," तो म्हणाला.

"अरे, मेलेल्या माणसाला काय कळतंय? आणि नुसतं लोणीच तर आहे! गाय काही मेली नाही माझी. गोठ्यात उभी आहे. घे, धर."

तिने परातीची कड त्याच्या पोटाला टेकवली. नुसतं लोणीच. एक चमचा. बारीक तुकडे, चवीपुरते. फोल्कमारचे कान तापले. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं बेशरम वाटेल याची त्याला कल्पना नव्हती.

"नाही आत्या," तो म्हणाला. आवाज मोठा झाला आणि तसाच राहिला. "मी एकोणीस वर्षं तिच्या डब्यात चरबी घालून दिली. एक चमचाच. तिने कधी तोंडाला लावलं नाही आणि मला बोलून दाखवलं नाही. आज जेवायला मी बोलावलेलं नाही तुम्हा कुणाला, तिने बोलावलंय. तिच्या घरी तिचंच चालणार. पराती गाडीत ठेव."

आत्याने त्याच्याकडे बघितलं, मग परातीकडे. तिने फडक्याची कड ओढून नीट केली. फोल्कमारला वाटलं, संपलं, ही आता गाडीत बसते आणि आपल्याशी आयुष्यात बोलत नाही. तिला तसं आयुष्यही फार उरलेलं नव्हतं, म्हणजे ते तिला सहज जमण्यासारखं होतं.

"माझ्या केकला दारातून परत पाठवणारा तू पहिला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझ्या आईनेही कधी केलं नसतं."

"आईला विचारायला नको आता."

आत्याने नातवाला खूण केली. पराती गाडीत गेल्या. ती काठी टेकत फोल्कमारच्या बाजूने आत शिरली, त्याच्याकडे न बघता, आणि दाराजवळच्या पहिल्या टेबलाशी बसली. खुर्ची शेहेचाळीस सेंटिमीटरची होती. बसताना तिला त्रास झाला नाही.

सूप आलं. बेचाळीस माणसांच्या चमच्यांचा आवाज सुरू झाला. आत्या पहिले चार चमचे परीक्षा घेतल्यासारखे प्याली आणि पुढचे भूक लागल्यासारखे. केक आला तेव्हा तिने तुकडा उलटा करून बूड बघितलं, वास घेतला, खाल्ला.

"कोरडा आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी ताटली पुढे केली.

फोल्कमार तिच्यासमोर येऊन बसला. बसायचं म्हणून बसला. समेट करायची रीत त्याला ठाऊक नव्हती.

बोसेलमान पलीकडून वाकून म्हणाले, "हायड्रूनला मात्र कडेचा तुकडा लागायचा. करपलेला. गुरुवारी आम्ही दोघं लिमर रस्त्यावरच्या गाजराच्या केकवाल्या बाईकडे जायचो, ती कडा काढून ठेवायची हिच्यासाठी."

"करपलेलं तिला पहिल्यापासून आवडायचं," शेजारच्या टेबलावरचा एक टकला गृहस्थ म्हणाला. "तलावावर तव्यावरचे बटाटे आणायची डब्यात. काळे झालेले. आम्हा पोरांना वाटायची."

"व्हिएतनामी लोकांकडचा तो टोफू," एक बाई म्हणाली. "तिखट जास्त घालून. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी खायची."

कुणी खसखशीच्या पावाचं सांगितलं, कुणी उन्हाळ्यात शेंगा सोलता सोलता कच्चे वाटाणे संपवून टाकायची ते. टेबलाटेबलावरून हायड्रून जेवत होती. लोक हसायला लागले. स्वांट्येसुद्धा दाराला टेकून ऐकत उभी राहिली. फोल्कमार प्रत्येकाकडे वळून नीट ऐकत होता. सगळं त्याला नवं होतं.

आत्याने ताटलीतला चुरा बोटाने गोळा केला. तिचा राग गेला होता की तिने तो गाडीत ठेवला होता ते कळायला मार्ग नव्हता.

"आणि तुझ्याकडे रे?" तिने विचारलं. "भाऊ ना तू? तुझ्याकडे काय आवडीने खायची?"

आजूबाजूचे लोक त्याच्याकडे वळले. बोसेलमाननी मान खाली घातली.

"माझ्याकडे ती चहा प्यायची, आत्या," फोल्कमार म्हणाला. "एकोणीस वर्षं. नुसता चहा."